उष्ट्याचं वजन

साइलाने स्वयंपाकघरात वजनकाटा आणून ठेवला त्या दिवशी लेम्पीने सुनेशी बोलणं टाकलं नाही, एवढंच. बाकी करता येण्यासारखं सगळं केलं. कॉफी ओतताना साइलाचा पेला शेवटी भरला. दोरीवरचे सगळ्यांचे मोजे घड्या करून ठेवले आणि तिचे तेवढे लटकू दिले. जेवायला बसताना तर काट्याकडे पाठ येईल अशी आपली खुर्चीच फिरवून घेतली.

काटा शाळेतला होता. साइला गावच्या शाळेत मुलांना स्वयंपाक आणि घरकाम शिकवायची. कुठल्याशा अभ्यासासाठी चाळीस घरं हवी होती आणि हिने कोणाला न विचारता आपलं घर देऊन टाकलं होतं. चौदा दिवस घरात जे अन्न फेकलं जाईल ते तोलायचं आणि वहीत लिहायचं: काय, किती, कशामुळे. बटाट्याची सालं, हाडं, कॉफीचा चोथा एका बादलीत. खाता आलं असतं पण खाल्लं गेलं नाही, ते हिरव्या झाकणाच्या दुसऱ्या बादलीत.

"दुसरी बादली रिकामीच राहील," लेम्पी म्हणाली. "उगाच धुवायला एक भांडं वाढवलंस."

आणि तिची तशी खात्रीच होती. चार वर्षांची असताना ती आईच्या कडेवर बसून युद्धात परक्यांच्या ताब्यात गेलेल्या कारेलियातून निघाली होती. मागे घर राहिलं, गोठा राहिला आणि भट्टीत भाजायला टाकलेले पाव राहिले. त्या पावांची हळहळ आईने मरेपर्यंत केली, घराची तेवढी केली नाही. त्या आईची मुलगी या घरात सून म्हणून आली आणि छप्पन्न वर्षं दर शनिवारी काळा पाव भाजत राहिली. पाव वाळून दगड झाला तरी तो दुधात भिजायचा, सूपमध्ये जायचा, पण बाहेर जायचा नाही. तिच्या घरात उष्टं तोलायचं म्हणजे पाद्र्याच्या घरात शिव्या मोजायला बसण्यासारखं होतं.

गाई विकल्या त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मुलगा इस्मो बायकोला आणि सोळा वर्षांच्या हेल्काला घेऊन वरच्या मजल्यावर राहत होता. लेम्पीच्या नवऱ्याला, म्हाताऱ्या आर्मासला, एकट्याने अंगणातला बर्फ काढणं होईना, म्हणून हा बेत ठरला होता. माणसं पाच, स्वयंपाकघर एक. दिवसा तिथे लेम्पीचं राज्य, संध्याकाळी साइलाचं. दोघींनी ते भांडणाशिवाय निभावलं होतं, कारण दोघीही फार बोलणाऱ्या नव्हत्या.

पहिले तीन दिवस लेम्पीला मजाच वाटली. दुसऱ्या बादलीत पडलं ते सगळं साइलाचं. पिशवीतच बुळबुळीत झालेला पालक, अर्धा डबा साय, कोणी न खाल्लेली मॅकरोनी. साइला बिचारी इमानाने सगळं लिहायची. "कशामुळे"च्या रकान्यात एकदा तिने लिहिलं, "घरात आहे हे विसरून पुन्हा आणलं." लेम्पीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

चौथ्या दिवशी सकाळी बादलीत कागदी रुमालाचा एक बोळा सापडला. साइलाने उलगडला. आत काळ्या पावाचे चावून मऊ झालेले तुकडे होते आणि मांसाच्या दोन फोडी, त्याही चावलेल्या. लेम्पी मागे उभी होती. पाव तिने आदल्याच शनिवारी भाजलेला.

साइलाने तोललं. नव्वद ग्रॅम. "कशामुळे" पुढे तिने काहीच लिहिलं नाही.

मग तो बोळा रोजच यायला लागला. कधी सकाळी, कधी जेवण झाल्याबरोबर. साइलाने जेवताना सगळ्यांना सांगून पाहिलं की यात लाजण्यासारखं काही नाही, कोणी टाकलं हे लिहू नका, कशामुळे टाकलं तेवढं लिहा. इस्मोने खांदे उडवले. आर्मास ताटात बघत राहिला. हेल्काने डोळे फिरवले, आणि तिथेच तिचं चुकलं, कारण त्या क्षणापासून दोन्ही बायकांनी मनात तिच्यावरच संशय घेतला.

मुलगी उन्हाळ्यापासून मांस खाईनाशी झाली होती. लेम्पीला वाटलं, शहरी खुळ आहे. आईला दुखवायला नको म्हणून ताटात घेते आणि रुमालात गुंडाळते. साइलाला याहून वाईट शंका येत होती. तिच्या शाळेतली एक मुलगी गेल्या वर्षी अशीच जेवण लपवता लपवता इस्पितळात पोहोचली होती. साइला आता लेकीच्या शेजारी बसू लागली, तिचा घास न् घास बघू लागली. वरून एकदा दार आपटल्याचा आवाज आला आणि मग हेल्काचं रडणं. खाली लेम्पी बटाटे सोलत होती. तिने सुरी ठेवली, पण वर गेली नाही.

तिने कुओपियो शहरात राहणाऱ्या कायसूला फोन लावला. कायसू थोरली लेक, चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि साइलाशी तिचं तळ्याकाठच्या जागेवरून जे झालं होतं ते अजून पुरतं निवळलं नव्हतं. लेम्पीने तिला काटा सांगितला, वही सांगितली, आपण भाजलेला पाव कसा चावून टाकलेला तागडीत पडतो ते सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. कायसू म्हणाली की रविवारी येतेच आहे, बघते.

*

रविवार म्हणजे नोव्हेंबरातला दुसरा, वडिलांचा दिवस. इस्मोने सकाळी अंगणातल्या खांबावर झेंडा चढवला. रात्री पातळ बर्फ पडलं होतं. लेम्पीने आदल्या संध्याकाळीच भट्टीत मांसाचं मोठं मडकं सारलं होतं, गाय, डुक्कर आणि मेंढी, तिच्या माहेरच्या पद्धतीचं, आणि सबंध घराला त्याचा वास लागला होता. कायसू सायीचा केक घेऊन आली. सगळ्यांनी आर्मासच्या हातात हात दिला. ऐंशी वर्षांचा माणूस, पॅन्ट धरणारे पट्टे खांद्यांवर, त्यांवर जाड लोकरी स्वेटर, टेबलाच्या टोकाला बसून होता आणि खिडकीबाहेर झेंड्याकडे बघत होता.

ताटं वाढून झाली आणि कायसूने पाव कापता कापता विषय काढला.

"साइला, तो काटा आज तरी उचलून ठेव. बाबाचा दिवस आहे. आई इथे छप्पन्न वर्षं रांधते आहे. तिचं उष्टं तोलायला तू कोण?"

लेम्पीला बरं वाटलं. ते कोणाला दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

 साइला म्हणाली की आपण एकट्या लेम्पीचं तोलतच नाही, वहीत आपलं स्वतःचंही कितीतरी आहे, कायसूने हवं तर बघावं. "मला एकच गोष्ट कळलेली नाही. ती कळेपर्यंत मी काटा उचलणार नाही. तू मला काहीही म्हण." हे बोलताना ती कायसूकडे बघत नव्हती, हेल्काच्या ताटाकडे बघत होती.

हेल्काच्या ताटात कुस्करलेले बटाटे होते, बीट होतं. मांस नव्हतं. इस्मो, जो सहसा दोन बायकांच्या मध्ये पडत नाही, तो त्या दिवशी पडला आणि नको त्या बाजूने पडला. त्याने मडक्यातून डावभर मांस काढून मुलीच्या ताटात घातलं.

"खा," तो म्हणाला. "सगळ्यांच्या समोर खा, म्हणजे हे प्रकरण एकदाचं मिटेल."

हेल्काने काटा-सुरी खाली ठेवली.  "मला मांस नको असतं तेव्हा मी घेतच नाही. सगळ्यांच्या देखत घेत नाही. मग मी ते रुमालात कशाला लपवू?"

लेम्पीने मान वर केली. इतकी सरळ गोष्ट, आणि ती एवढ्या दिवसांत कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. जो तोंडावर नको म्हणतो त्याला लपवायची गरजच काय. मग उरलं कोण? ती एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत गेली.

"पोरीला सोडा," आर्मास म्हणाला. "ते माझं आहे."

इस्मोला हसू आलं. बाबाने नातीला पाठीशी घालणं काही नवीन नव्हतं, आणि तसं तो बोललासुद्धा.  आर्मासने डावा हात टेबलाखालून वर आणला आणि ताटाशेजारी उघडला. हातात कागदी रुमाल होता. त्यात आत्ताच्या जेवणातल्या मांसाच्या तीन फोडी आणि पावाचा एक तुकडा, चावून तसाच बाहेर काढलेला.

 

"खाली उतरत नाही," तो म्हणाला, आणि छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे अडतं. पाव तर गेल्या वर्षापासूनच. मांस या उन्हाळ्यापासून."

"वर्ष झालं?" कायसूने विचारलं. "मग इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"इतके दिवस मुस्ती होता."

मुस्ती म्हणजे कुत्रा. चौदा वर्षांचा होऊन ऑगस्टमध्ये गेला, गोठ्यामागे बर्चच्या झाडाखाली पुरला होता. शेवटच्या वर्षात तो असा काही सुटला होता की गुरांचा डॉक्टर लेम्पीवर रागावला होता, आणि लेम्पी हेल्कावर. टेबलाखाली म्हाताऱ्याच्या पायाशी तो का बसून राहायचा, हे तिला आत्ता कळलं.

"कुत्रं गेलं, मग मला बादली उरली," आर्मास म्हणाला. "आणि बादलीपाशी ही काटा घेऊन बसली." हे त्याने साइलाकडे बघून म्हटलं, जवळजवळ गंमत केल्यासारखं.

लेम्पीला आधी भीती वाटली नाही, राग आला. इतका की हात टेबलावर दाबून धरावे लागले. "छप्पन्न वर्षं मी पाव भाजते," ती म्हणाली. "तू तो चावून कागदात टाकतोस, आणि मला सांगतोस की चांगला झालाय."

"चांगलाच झालेला असतो. चव तोंडात असते, लेम्पी. अडतं ते त्याच्या खाली."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

आर्मासने रुमालाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "एइनोला डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता. त्यालाही असंच अडायचं."

एइनो त्याचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन तीस वर्षं होत आली होती. या घराच्या मागच्या खोलीत अकरा आठवडे पडून होता, आणि त्याला चमच्याने पाणी पाजलं होतं लेम्पीने, अंग पुसलं होतं लेम्पीने, शेवटी डोळे मिटले होते तेही लेम्पीनेच.

"ते सगळं तुझ्याकडून पुन्हा करून घ्यायचं नव्हतं मला," आर्मास म्हणाला. "म्हटलं, जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकलावं."

तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. रोज बघत होती, म्हणून इतके दिवस दिसला नव्हता. स्वेटरच्या गळ्यात आणि त्याच्या मानेत मूठ जाईल एवढी जागा होती. पॅन्ट कमरेवर राहिली होती ती पट्ट्यांच्या जोरावर. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. 

साइला उठली आणि वही घेऊन आली. तिने ती आर्मासपुढे ठेवली आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. पहिल्या आठवड्यात पाव आणि मांस. या बुधवारपासून उकडलेला बटाटा. शुक्रवारी गाजर. काल मासा, काटे काढलेला. "मी नुसतं लिहीत गेले," ती म्हणाली. "एकत्र वाचलं नाही. आर्मास, हे वाढत चाललंय. आठ दिवसांत इतकं वाढलंय. उद्या सकाळी आठला मी दवाखान्यात फोन करते."

"मी दवाखान्यात जाणार नाही."

"जाणार," कायसू आणि साइला एकदमच म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघू लागल्या.

दुपारी भांडी त्या दोघींनी घासली. गेल्या तीन वर्षांत त्या एका मोरीपाशी उभ्या राहिल्या नव्हत्या. लेम्पीने आर्मासला ब्लूबेरीचं सार दिलं आणि केकवरची साय चमच्याने काढून दिली. त्याने ते सगळं खाल्लं, सावकाश, आता काही लपवायचं नसल्यासारखं. मग ती गुडघ्यांवर हात टेकत जिना चढून वर गेली. हेल्का पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी तुझ्यावर संशय घेतला," लेम्पी म्हणाली.

"मुम्मो, तू तर काही म्हणाली नव्हतीस."

"मनात म्हणाले होते."

हेल्का थोडी सरकली आणि आजीला बसायला जागा केली.

*

गावच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. आर्मासने तिला सांगितलं की कधीकधी जरा अडतं, विशेष काही नाही. साइलाने वही पुढे केली. डॉक्टरणीने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली आणि मग पुन्हा पहिल्या पानावर आली. तिने विचारलं की हे कोणी लिहिलं. म्हणाली, माणसं येतात आणि "कधीकधी" म्हणतात, त्यावरून काय समजायचं? इथे रोजचं लिहिलंय, ग्रॅममध्ये. तिने आर्मासला वजनावर उभं केलं. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीपेक्षा तो चौदा किलोंनी कमी भरला. त्याच आठवड्यात कुओपियोच्या मोठ्या इस्पितळाची वेळ मिळाली.

तिथल्या व्हरांड्यात तिघी बसल्या होत्या, लेम्पी मध्ये, एका बाजूला लेक, एका बाजूला सून. आत त्याच्या घशातून नळी घालून बघत होते. लेम्पीच्या डोळ्यांसमोर मागची खोली होती, तिथला पलंग, चमचा. आपण आता सत्त्याहत्तरच्या आहोत, अंग उचलायला तेव्हासारखी ताकद नाही, असं ती मनात म्हणत होती, आणि तरी उचलायचंच असं ठरवत होती. साइलाने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि न बोलता एकेक फोड तिच्या हातावर ठेवत गेली. कायसूलाही दिली. लेम्पीने खाल्लं. चव लागली नाही, पण घशाखाली उतरलं, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

डॉक्टर बाहेर आला तो टोपी काढतच. त्याने आधी हेच सांगितलं की त्यांना जी भीती होती तसलं काही दिसत नाही. आर्मासला वर्षानुवर्षं पित्त वर यायचं. त्यावर तो काय करायचा, तर लेम्पीच्या डब्यातला खायचा सोडा चमचाभर पाण्यात घालून प्यायचा. त्या आंबट पित्ताने अन्ननलिकेचं खालचं टोक भाजून भाजून जखमांनी आवळून आलं होतं. पेन्सिल जाईल एवढीच वाट राहिली होती. ती फुग्याने ताणून मोठी करता येते. आज एकदा केली, अजून दोनदा करावी लागेल, आणि गोळ्या रोज. खात्रीसाठी एक तुकडा तपासायला पाठवलाय, त्याचा निकाल दहा दिवसांनी.

"आणि नसतो आलो तर?" कायसूने विचारलं.

डॉक्टर म्हणाला की हा हिवाळा अवघड गेला असता. एक तर माणूस असाच झिजत जातो, नाहीतर एके दिवशी एखादी फोड तिथे जाऊन बसते आणि हलत नाही.

ते दहा दिवस लेम्पीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. अभ्यासाचे चौदा दिवस संपून गेले होते, काटा शाळेत परत गेला होता. ती दळत होती, गाळत होती, मऊ करत होती. फोन आला तेव्हा ती लाकडांच्या खोलीत होती. साइला स्वेटरशिवायच बर्फातून धावत आली, आणि दारातूनच म्हणाली, "स्वच्छ आहे, लेम्पी. काही नाही त्यात."

लेम्पी लाकडांच्या राशीवर बसली. दोन्ही हात एकमेकांत गुंफून तिने डोळे मिटले. साइला थंडीत कुडकुडत तिथेच उभी राहिली. बऱ्याच वेळाने लेम्पीने डोळे उघडले आणि अंगावरची शाल काढून तिला दिली. "पांघर," म्हणाली. "तू आजारी पडलीस तर कोणाला परवडेल?"

*

डिसेंबरात अभ्यासाचा कागद आला. घराघराला त्यांचा त्यांचा हिशोब कळवला होता. साइलाने तो वाचून ड्रॉवरमध्ये टाकला. लेम्पीने तो काढायला लावला आणि मोठ्याने वाचायला सांगितला.

साइलाने आढेवेढे घेतले, मग वाचलं. दुसऱ्या बादलीतलं बरंचसं आर्मासचं, त्याचं कारण आता कळलंच होतं. उरलेल्यात साइलाचा पालक आणि साय. पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा शिजवलेल्या अन्नाचा होता, बटाटे, लापशी, सूप, आणि त्यापुढे साइलानेच वहीत लिहिलेलं कारण होतं: गरजेपेक्षा जास्त रांधलं. साइला वाचून थांबली आणि सासूचा चेहरा बघू लागली.

महिन्याभरापूर्वी लेम्पीने याच गोष्टीवरून घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिने तो कागद आपल्या हातात घेतला.

"आधी डुकरं होती," ती म्हणाली. "मग मुस्ती. उरलेलं कोणीतरी खायचंच. म्हणून उरतं किती, ते मी कधी बघितलंच नाही." तिला आठवलं की आपण अजून नऊ माणसांचं रांधतो. मळणीला गडी असायचे तेव्हाचा हाताचा अंदाज, तो हात कधी बदलला नाही. गडी गेले, मुलं गेली, गाई गेल्या, हाताला कोणी कळवलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळच्या कॉफीला एकेकाला विचारू लागली: दुपारी घरी आहेस का, भूक किती असेल. इस्मो आधी बावचळला. आईने त्याला असा प्रश्न जन्मात विचारला नव्हता. हेल्काच्या वाट्याचं मांस मडक्यात पडायचंच बंद झालं, आणि त्यावर कोणी भाष्य केलं नाही. साइलाही बाजारात जाण्याआधी फ्रिज उघडून बघू लागली. आंबट झालेल्या सायीची धिरडी कशी करतात ते लेम्पीने तिला शिकवलं, आणि साइलाने ते शाळेतल्या मुलांना शिकवलं, "माझ्या सासूची रीत" असं सांगून. हेल्काकडून लेम्पीला ते कळलं. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं, पण त्या दिवशी दोरीवरचे मोजे घडी घालताना गुणगुणत होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आर्मासची वाट तिसऱ्यांदा ताणली. इस्मो त्याला बुधवारी घरी घेऊन आला. गुरुवार म्हणजे सुक्या वाटाण्याच्या दाट सूपचा दिवस. कायसूही रजा टाकून आली होती. तळं पांढरं पडलं होतं आणि दुपारच्या उन्हात खिडकीतून डोळे दिपत होते.

लेम्पीने सकाळी विचारून मोजून सूप केलं होतं, सहा माणसांचं. आर्मासचा एक वाडगा धरला होता, तोही तिला जास्तच वाटला होता.

त्याने पहिला वाडगा संपवला. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. त्याने दुसरा मागितला आणि तोही संपवला, मधे एकदाही न थांबता, हात टेबलाखाली न नेता. मग मिशी पुसून वाडगा पुन्हा पुढे केला.

लेम्पीने पातेल्यात डाव घातला. डाव तळाला खरवडला. पातेलं रिकामं होतं.

ती तशीच उभी राहिली. छप्पन्न वर्षांत तिच्या टेबलावर कोणी मागितलं आणि नाही असं झालं नव्हतं. कान तापले. "संपलं," ती म्हणाली, आणि तो शब्द तिच्या तोंडून कसा निघाला याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"संपलं?" आर्मासने विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. भूक होती.

हेल्काने आपला वाडगा उचलला आणि त्यातलं अर्धं आजोबांच्या वाडग्यात ओतलं. "घे, उक्की." मग कायसूने ओतलं. इस्मोने वाडग्याच्या तळाशी होतं तेही निथळून दिलं. आर्मास नको नको म्हणत नव्हता. तो खात होता, खाली वाकून, शेतावरून आलेल्या माणसासारखा, आणि त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. लेम्पी डाव हातात धरून ते बघत होती. घास जात होता. एकामागून एक, सरळ खाली जात होता.

तिने डाव ठेवला आणि साइलाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिचा हात सुनेच्या खांद्यावर आला. दोघींनाही त्याची सवय नव्हती.

"तू या घरात आलीस, फार बरं झालं," ती म्हणाली. "हे मी तुला वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

 साइलाने आपल्या वाडग्यातलं उरलेलं सूप आर्मासपुढे सरकवलं, आणि मग खांद्यावरच्या त्या हातावर आपला हात ठेवून बसून राहिली.